उडालं ते कुठे बसलं

आबा, मला तुम्हाला एक प्रश्न विचारायचा आहे. तो विचारण्याआधी गेल्या महिन्यात घरात काय झालं ते क्रमानं मांडते. क्रम सुटला की माझा राग मध्ये येतो, आणि राग आला की मी अचूक राहत नाही.

तुम्ही गेलात तेव्हा मी नववीत होते आणि भाऊ तिसरीत. पुढे मी रसायनशास्त्र शिकले. आता धुळ्याच्या एमआयडीसीत एका प्रयोगशाळेत नोकरी करते. कारखान्यांच्या चिमण्यांतून काय बाहेर पडतं ते आम्ही मोजतो. कुणाकडे धूळ आहे, कुणाकडे गंधक. माझ्याकडे पारा आहे. नोकरी लागली तेव्हा मायला मी एवढंच सांगितलं होतं की धूर तपासायचं काम आहे. पाऱ्याचं नाव काढलं नाही. आपल्या घरात तो शब्द तुमच्या पेटीबरोबर माळ्यावर गेला होता, आणि तो तिथेच बरा आहे असं मला वाटत होतं.

कोळशात पारा असतो. अगदी किंचित, पण कोळसा इतका जाळतात की त्या किंचितचा हिशेब करावा लागतो. भट्टीच्या आगीत तो सगळाच्या सगळा वाफ होऊन सुटतो. तिथवर तो एकजात एकसारखा असतो. पुढे धूर नळांमधून थंड होत जातो तसे त्याचे तीन वाटे पडतात. काही पारा राखेच्या कणांना, विशेषतः अर्धवट जळालेल्या कोळशाला, चिकटतो आणि राखेबरोबर पकडला जातो. काहीला वाटेत क्लोरीन भेटतं. मग तो पाण्यात विरघळू शकतो, आणि धूर पाण्यानं धुतला की खाली उतरतो. उरलेला कुणाशी जुळत नाही. तो नुसता पाराच राहतो, राखेच्या सापळ्यातून जातो, पाण्यातून जातो आणि चिमणीतून वर निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांत झोंबत नाही, ठसका लागत नाही. आपल्याकडच्या कोळशात क्लोरीन कमी म्हणून हा तिसरा वाटा मोठा असतो. माझं बरंचसं काम या तिसऱ्या वाट्याच्या मागे जातं.

तो पकडायचा कसा, हे तुम्हाला आवडलं असतं. चिमणीच्या भोकातून आत नळी घालून थोडा धूर ओढायचा आणि बर्फात रोवलेल्या काचेच्या बाटल्यांतून न्यायचा. पहिल्या बाटल्या विरघळणारा पारा धरतात. शेवटच्या बाटल्यांत ते जांभळं औषध असतं, ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत टाकतो तेच. नुसता पारा तिथे अडकतो. बाटल्यांचा निकाल प्रयोगशाळेत जाऊन कळतो, म्हणून जागेवरच्या अंदाजासाठी सोबत एक लहान यंत्र नेतो. त्या यंत्राच्या पोटात सोनं आहे, आबा. सोन्याचा मुलामा दिलेली वाळू. धुरातला पारा सोन्याला धरतो, मग सोनं तापवायचं, पारा सुटतो, आणि सुटलेला मोजायचा. हे पहिल्यांदा शिकवलं तेव्हा वर्गातली सगळी मुलं वहीत उतरवून घेत होती. मी पेन खाली ठेवलं होतं. आपल्या सैपाकघरात तुम्ही हेच करत होता, फक्त तुम्हाला सोनं हवं होतं आणि यंत्राला पारा.

यंत्राच्या सोन्यामुळे आमच्या प्रयोगशाळेत एक नियम आहे: अंगावर सोनं घालून आत यायचं नाही. मी बाहेरही घालत नाही. धुळ्याच्या आमच्या गल्लीतल्या बायका त्यावर टोमणे मारतात. "जळगावनी पोर आनि कानमां काडी?" एकीनं तर मायला फोन करून विचारलं की घरी काही अडचण आहे का.

आता त्या दिवसावर येते. जळगाव-भुसावळ रस्त्यावरून आत एका कारखान्याचं स्वतःचं कोळशावरचं वीजघर आहे. त्याच्या चिमणीच्या माचीवर मी सकाळपासून होते. ऊन लोखंडावरून परत तोंडावर येत होतं. यंत्रावरचा आकडा कमी आला. कारखान्याचा पाळीवरचा इंजिनिअर, वरणगावकडचा पोरगेला माणूस, खूश झाला.

"मॅडम, आकडा एकदम क्लास. उतरा आता, चहा गार होतोय."

"आकडा कमी आहे," मी म्हणाले.

"कमीच पाहिजे ना आपल्याला?"

"कोळशातून जितका आत गेला तितका राख, पाणी आणि चिमणी मिळून बाहेर यायला हवा. येत नाही. मधला कुठे गेला?"

तो हसला. "उडाला असंल."

"आपण चिमणीवर उभे आहोत. उडालेलाच मोजतोय."

तो अजून हसत होता. मी मात्र त्या शब्दापाशी थांबले. दुपारचं काम संपलं की तुम्ही पारा पुन्हा तोलायचात आणि काट्याकडे बघून म्हणायचात, "एवढा उडाला." जणू उडाला म्हणजे जगातून गेला. त्यानंतर त्याची चौकशी संपायची. आमच्या धंद्यात चौकशी तिथून सुरू होते. मी हातमोजा काढून नळीवरून बोटं फिरवत निघाले. ही नळी शेवटपर्यंत गरम ठेवावी लागते. कुठे जराशी जरी थंड राहिली तरी तिथे ओल धरते आणि पारा बाटलीपर्यंत न पोचता तिथेच बसून राहतो. नळीभोवती तापणारी पट्टी गुंडाळलेली असते. एका वळणावर ती सुटली होती. बाहेरून कापड जसंच्या तसं होतं, पण आतला कोपरा गार होता. पट्टी आमच्याच माणसानं गुंडाळली होती. सकाळपासूनचा सगळा नमुना वाया गेला, आणि इंजिनिअरचा चहासुद्धा.

पट्टी पुन्हा गुंडाळत असताना मायचा फोन आला.

"तुन्ही भावजयना मणी पांढरा पडी गयात," माय म्हणाली. "मंगळसूत्रना. खोटं सोनं दिधं धुळावालासनी."

भाऊ तुमच्यासारखाच सराफ्यात कारागीर झाला. त्याचं लग्न गेल्या वर्षी झालं. मुलगी धुळ्याची, वडील एसटीच्या वर्कशॉपात होते, आता निवृत्त. मंगळसूत्राचे मणी त्यांनीच धुळ्याच्या दुकानातून करून दिले होते. भावजयला तेव्हा सहावा महिना संपत आला होता. सातव्यात तिला बाळंतपणासाठी माहेरी धाडायचं ठरलं होतं.

"आते धाडत नही मी," माय म्हणाली. "त्यासले सांगी दिधं. आधी सोनं बदली लई या, मंग पोर लई जा."

मी विचारलं, "माय, भाऊ घरी काम करतो का हल्ली?"

"करस ना. दुकाननी माटी धुवानं काम लिधं त्यानी दिवाळीपासून. चांगलं चाली ऱ्हायनं."

"कुठे करतो?"

"कुठे म्हणजे? सैपाकघरमां. तुना आबा करेत तठेच."

माझा एक हात अजून त्या गार वळणावर होता. मी मायला म्हटलं की संध्याकाळी येते, आणि काम पूर्ण केलं. पट्टी नीट बसवली, नळी तापू दिली, नमुना पुन्हा घेतला. या वेळी बेरीज जुळली. हे मी अभिमानानं सांगत नाही. हात चालू होते म्हणून बरं होतं.

सराफ्यातल्या दुकानांची झाडलोट घ्यायची, माती कुटून घमेल्यात धुवायची, राहिलेल्या गाळात पारा मळायचा, तो पारा सोन्याचा कण न् कण गोळा करतो, मग फडक्यातून पिळून उरलेली गोळी मुशीत ठेवून स्टोवर तापवायची. पारा निघून जातो, सोनं राहतं. मुशीवर मातीचं झाकण, झाकणावर ओलं फडकं. झाकणाच्या आतल्या बाजूला पाऱ्याचे थेंब जमतात ते बाटलीत परत. हे सगळं मला झोपेतही सांगता येईल, कारण मी स्टोच्या शेजारी पाटावर बसून अभ्यास करत असे. खिडकी बंद असे, ज्योत हलू नये म्हणून. आधी तुम्ही हे काम करत नव्हता. तुम्ही बारीक मण्यांचे कारागीर होता. माती धुण्याचं काम जोडीला घेतलंत, मग हात थरथरायला लागला, मग बारीक काम मिळेनासं झालं, मग मातीचंच काम वाढलं. हात जितका हलायचा तितका तुम्ही स्टोजवळ जास्त बसायचात. चिडायचातही. हिरड्या सुजायच्या. शेवटी पाय सुजले आणि डॉक्टरांनी मायला बाजूला घेऊन विचारलं, "पितात का?" माय नाही म्हणाली. गल्लीनं तिच्यावर विश्वास ठेवला नाही. थरथरणारा हात दिसला की लोकांना एकच कारण माहीत असतं. भाऊ तेच ऐकत मोठा झाला. त्याच्या गळ्यात माळ आहे. तो म्हणतो, बापासारखा जाणार नाही म्हणून घातली.

संध्याकाळी मी जळगावला पोचले तेव्हा भाऊ दारातच होता. मी चप्पल काढायच्या आत सांगितलं की मणी खोटे नाहीत, पाऱ्यानं पांढरे पडलेत.

"ताई, मला पारा शिकवतेस?" तो म्हणाला. "पारा सोन्याला लागला की काय होतं हे मला माहीत नाही? पण हिनं बाटलीला कधी हात लावला नाही. बाटली कुलपात असते."

"हात लावायची गरज नाही. वाफ पुरते."

"वाफ झाकणाला लागते. सगळी परत येते."

"तोलतोस?"

"तोलतो ना."

"मग कमी किती येतो?"

"थोडा. तेवढा उडतोच."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? खिडकीतून जातो."

स्वयंपाकघराच्या दारातून भावजय म्हणाली, "खिडकी बंद असते, ताई. ज्योत हलते म्हणून."

तो तिच्याकडे वळला आणि तिनं मान खाली घातली. मग तो पुन्हा माझ्यावर आला. त्यानं मणी तुमच्याच कसोटीवर घासून पाहिले होते. रेघ फिकी आली होती. सोन्याच्या माणसाला यापुढे पुरावा लागत नाही. मी म्हणाले, कसोटीला वरचा थरच कळतो. मणी तापव, पिवळे होतील.

माय ताडकन उठली. "मंगळसूत्र आगमां घालस? मन्हा पोऱ्या जित्ता शे अजून!"

इथे माझं शास्त्र संपलं. नवरा जिवंत असलेल्या बाईचं मंगळसूत्र विस्तवात जात नाही. हे मायला मान्य नव्हतं, भावाला नव्हतं, आणि खरं सांगायचं तर भावजयलाही नव्हतं. तिचा हात आपोआप गळ्याकडे गेला. सगळ्यात सोपी चाचणी समोर होती आणि ती कुणी करणार नव्हतं. दुसऱ्या सराफाला दाखवायलाही भाऊ तयार नव्हता. आपल्या घरचं सोनं दुसऱ्याच्या दगडावर घासायचं नाही, हे तर तुम्हीच शिकवलेलं.

मी म्हणाले, "मग माझी कानातली बाळी लावू या कसोटीला. आबांनी दिलेली. ती इथे खिळ्याला टांगते. कुणी हात लावायचा नाही. आठ दिवस तू तुझं काम नेहमीसारखं कर. बाळी पांढरी पडली तर सोनं खरं आणि घर वाईट. नाही पडली तर मी स्वतः धुळ्याला जाऊन मणी बदलून आणते."

भाऊ हसला. "चिमणीवरनं उतरून आमच्या सैपाकघरात आली आता. लाव."

"एक अट आहे. हे आठ दिवस ही घरात राहणार नाही."

"माहेरले नही," माय लगेच म्हणाली.

"माहेरी नाही. माझ्या खोलीवर. नणंदेकडे जायला काय हरकत?"

मी सुट्टी घेतली, दोन दिवसांनी बाळी आणून कॅलेंडरच्या खिळ्याला दोऱ्यानं बांधली, आणि भावजयला घेऊन धुळ्याची एसटी धरली. भावाला म्हटलं, निदान खिडकी उघड. तो म्हणाला, मग ते नेहमीसारखं कसं होईल? माझ्याच शब्दात त्यानं मला अडवलं. त्याला थांबवता आलं नाही, मायलाही तिथून काढता आलं नाही. गाडी पारोळ्याच्या पुढे गेल्यावर भावजयनं विचारलं, "ताई, बाळाला काही झालं असेल का?"

मला खोटं बोलायची सवय नाही, आणि धीर द्यायचीही नाही. मी म्हणाले, "मला माहीत नाही. तुझ्या अंगात किती गेलंय ते तपासून कळेल. बाळाचं डॉक्टर सांगतील. मला इतकंच माहीत आहे की त्या घरातून बाहेर पडल्यावर अंगातला पारा हळूहळू कमी होतो." ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "म्हणजे लवकर बाहेर पडले ते बरं झालं." मी हो म्हणाले. तेवढं खरं होतं.

तिचे वडील दुसऱ्याच दिवशी आले. माझ्या इमारतीखाली हातात पिशवी घेऊन उभे राहिले. वर या म्हटलं तर येईनात. "पोरीच्या सासरचं घर धरलं तर पायरी चढायला तोंड नाही, आणि माहेर म्हणावं तर ते नाही. मी इथेच बरा," म्हणाले. मग पिशवी माझ्या हातात देऊन हळूच विचारलं, "ताई, तुम्ही मशीनवाल्या. खरं सांगा. त्या दुकानदारानं मला फसवलं का?" म्हणजे त्यांनाही आता खात्री राहिली नव्हती. आयुष्यभर गाड्यांची इंजिनं उघडलेला माणूस, एका फोननं स्वतःच्या मुलीला खोटं सोनं दिलं असं मानायला लागला होता. मी म्हणाले, "आठ दिवस थांबा, मामा." माझ्याकडे तेव्हा पुरावा नव्हता. त्यांना नुसता माझा शब्द देणं मला जमलं नाही. भावजय वरच्या गॅलरीतून बघत होती. बापलेकींनी एकमेकांना हातही केला नाही.

आठ दिवसांनी भाऊ बाळी घेऊन स्वतः धुळ्याला, माझ्या प्रयोगशाळेत आला. दोऱ्यासकट, काचेच्या डबीत, मी सांगितलं होतं तसं. डबी टेबलावर ठेवली. बाळी राखाडी झाली होती. पिवळेपण कडेला कुठेतरी उरलं होतं.

"कुणी हात लावला?" मी विचारलं.

"नाही."

"नक्की?"

"ताई, मी रोज बघत होतो. रोज." त्याचा आवाज चढला. "हात लावायचा कशाला? नुसती टांगलेली होती."

मी त्याला हातातली अंगठी काढायला लावली आणि आत नेलं. बाळी तिथल्या मोठ्या यंत्राच्या नावेत ठेवली. नाव म्हणजे बोटाच्या पेराएवढी तबकडी. ती आत गेली, तापली, आणि पडद्यावरची रेघ वर चढली. चढत चढत पडद्याच्या वरच्या कडेला टेकली आणि तिथे सपाट झाली. ते यंत्र इतक्या पाऱ्यासाठी केलेलंच नाही. चिमणीचा पारा मोजायला आम्ही ते वापरतो. पुढचे दोन दिवस मला ते धूत आणि तापवत बसावं लागलं. पण भावानं रेघेकडे पाहिलंच नाही. नाव बाहेर आली तेव्हा तो वाकला. बाळी पिवळी झाली होती, नुकतीच केल्यासारखी. आकड्याशी त्यानं वाद घातला असता, सोन्याशी घातला नाही.

तो अजून वाकलेलाच होता. मग म्हणाला, "ताई, मग आबांचा हात?"

मी म्हणाले, "मला आता सिद्ध करता येणार नाही. पण दारूची बाटली आपल्या घरात तू कधी पाहिलीस?"

तो सरळ उभा राहिला आणि त्यानं स्वतःचा उजवा हात माझ्यासमोर धरला, बोटं पसरून. "बघ," म्हणाला. आम्ही दोघं त्या हाताकडे बघत उभे होतो. हात स्थिर होता. मग त्यानं डोळे मिटले, आणि करंगळी हलली. जराशी. कुणाचीही हलते तितकी असेल, किंवा नसेल. मी त्याला ते सांगितलं नाही. म्हणाले, "उद्या तुझी, मायची आणि हिची तपासणी करायची. आणि स्टो आजच बाहेर." त्यानं मान हलवली. बाहेर आल्यावर अंगठी परत बोटात घातली नाही, खिशात टाकली.

तपासणी झाली. तिघांच्याही अंगात आहे. भावजयच्या सर्वांत कमी, मायच्या सर्वांत जास्त. डॉक्टरांनी घर सोडायला सांगितलं, भिंती खरवडून पुन्हा रंगवेपर्यंत. गार भिंतीवर बसलेला पारा ऊन वाढलं की पुन्हा सुटतो, हे मीही सांगितलं. तुमचा त्या वेळचा उडालेला पाराही काही तिथेच असेल. स्टो, मुशी आणि बाटली भावानं कुलपात घातली आणि किल्ली मला दिली. तो सध्या एका दुकानात मजुरीवर बसतो. चिडतो, पण बसतो. भावजयला तो स्वतः माहेरी सोडून आला. बाळ अजून यायचं आहे. डॉक्टर म्हणतात, आत्तापर्यंत सगळं ठीक दिसतं. "आत्तापर्यंत" हा शब्द मी मायला सांगताना गाळला नाही.

मायनं व्याह्यांना फोन केला तेव्हा मी शेजारी होते. तिला वाटलं होतं की मी बोलेन. मी फोन तिच्याच हातात ठेवला. "दादा," ती म्हणाली, "सोनं खरं शे तुमनं. चूक मन्ही." पलीकडून काय आलं ते ऐकू आलं नाही. फोन ठेवून तिनं पदर सारखा केला. मग तिनं ते सांगितलं ज्यासाठी मी तुम्हाला हे लिहिते आहे.

तिचे मणीही पांढरे पडले होते. मी पोटात असताना. आजी तेव्हा होती. भडगावच्या सोयऱ्यांनी खोटं सोनं दिलं म्हणून आजीनं गल्लीला गोळा केलं होतं. "मन्हा बाप आंगनमां हात जोडी उभा ऱ्हायना," माय म्हणाली. "पुढे तो कधी आपला घर ऊना नही." आणि एके दिवशी तुम्ही तिच्या गळ्यातले मणी काढून घेतलेत आणि नवे ओवून दिलेत. कुणाला काही बोलला नाहीत. तिला वाटलं, नवऱ्यानं बापाची लाज झाकली. तिनं तुमचे उपकार मानले. इतकी वर्षं मानले. आणि जे तिच्या बापाला ऐकावं लागलं तेच तिनं सुनेच्या बापाला ऐकवलं, कारण तिच्या लेखी पांढऱ्या मण्यांचा अर्थ एकच होता.

माझा प्रश्न हा. तुम्हाला माहीत होतं का?

तुम्ही मण्यांचे कारागीर. जुने मणी घरी आणून तुम्ही काय केलंत? कुठल्यातरी दुपारी, माय झोपलेली असताना, मुशीत टाकून तापवले असतील. ते तुमच्या डोळ्यांदेखत पिवळे झाले असतील. तेव्हा तुम्हाला कळलं असेल की सोनं खरं होतं आणि पारा हवेतून आला. एक वाक्य बोलला असता तर एक माणूस लेकीच्या दारात येत राहिला असता, आणि कदाचित तुम्ही स्टो अंगणात नेला असता. किंवा तुम्ही ते तापवलेच नाहीत, भावासारखंच तुम्हालाही वाटलं की हात लावल्याशिवाय पारा लागत नाही, आणि सासऱ्याची लाज खरोखरच झाकायला म्हणून तुम्ही गप्प राहिलात. दोन्ही शक्य आहे. दोन्हीसाठी माझ्याकडे सारखाच पुरावा आहे, म्हणजे नाही. मी मोजणारी बाई. उडालं म्हणून सोडून द्यायचं मला येत नाही, आणि हे मोजायला यंत्र नाही.

तुम्ही मला एकदाच मारलंत. मी ताटलीत पाऱ्याचा थेंब घेऊन खेळत होते, तो फुटायचा आणि पुन्हा एक व्हायचा, आणि तुम्ही मागून येऊन गालावर मारलंत. "हात लावायचा नाही त्याला. कधी नाही." मी स्टोशेजारी बसून रडले. दुसऱ्या दिवशी तुम्ही त्या बाळ्या केल्यात. डाग देऊन सांधा न जोडता, नुसती तार वळवून. थरथरत्या हातानं एका बाळीचं टोक जरा वाकडं झालं, ते तुम्ही तसंच ठेवलंत. जोडीतली सरळ बाळी शाळेत हरवली. वाकडी राहिली. कॉलेजला जाईपर्यंत ती माझ्या कानात होती, त्याच स्वयंपाकघरात, त्याच पाटावर.

क्रमातली एक गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली होती. बाळी खिळ्याला टांगण्याआधी ती कोरी करून घ्यावी लागते. तापवून, आधीचा सगळा पारा काढून, नाहीतर नंतरच्या आकड्याला अर्थ उरत नाही. म्हणून मी ती आदल्या दिवशी प्रयोगशाळेत नेली. डबीतून काढली तेव्हा ती फिकट होती, आठवत होती त्याहून फिकट. त्यात जे होतं ते तुमच्या वेळचं होतं, आणि यंत्रात गेल्यावर ते राहणार नव्हतं. त्या आकड्याची नोंद मी केली आहे. तो कुणाला दाखवलेला नाही.

पण त्याच्याही आधी, नाव आत सरकवण्यापूर्वी, मी हातमोजे काढले. सोनं घालून आत यायचं नाही ही पाटी माझ्याच अक्षरात दारावर आहे. कानाचं भोक जवळजवळ बुजलं होतं, वाकडं टोक आत जाईना, थोडं रक्त आलं. मग गेलं. यंत्र तयार असल्याचा दिवा लागेपर्यंत मी ती बाळी कानात घालून बसले होते.